‘जावा’ म्हणून आणलेलं मॉस जावा नसेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गप्पी माशांच्या दोन फुटी टाकीसाठी तुम्ही दुकानातून ‘जावा मॉस’चं, म्हणजे टाकीत वाढवायच्या एका बारीक, बिनफुलांच्या हिरव्या वनस्पतीचं, एक पुडकं आणलं आणि ड्रिफ्टवूडला, म्हणजे टाकीतल्या सजावटीच्या लाकडाला, दोऱ्यानं बांधलं. आता काही महिन्यांनी लाकडाच्या खालच्या अंगाला चपट्या, त्रिकोणी, एकावर एक झुकलेल्या फांद्या आल्यात. वर दिव्याजवळ मात्र लांब, बारीक, कशाही पसरलेल्या काड्या आहेत. पुण्यातला मित्र फोटो पाहून ‘ख्रिसमस मॉस’ म्हणतो, दुकानदार म्हणतो ‘जावाच की ओ’. तुम्हाला पक्कं शास्त्रीय नाव हवं आहे, कारण यातलं थोडं भाच्याला द्यायचं आहे आणि थोडं मोठ्या लाकडावर चढवायचं आहे. पाणी सोलापूरचं, नळाचं, कमी पडलं की बोअरचं.

फोटोंवरून माझं मत असं की तुमच्याकडे एक नाही, दोन मॉस आहेत. खालचं व्हेसिक्युलारिया, म्हणजे ख्रिसमसच्या वंशातलं असावं, वरचं टॅक्सिफायलम, म्हणजे जावाच्या. कारण सांगतो. एकच मॉस दोन रूपांत वाढू शकतं हे खरं, पण मॉस काडीसारखं लांब आणि विरळ होतं ते उजेड कमी पडला की. तुमच्याकडे उलट आहे. विरळ काड्या दिव्याखाली आणि दाट, आखीव फांद्या सावलीत. एकाच मॉसनं असं वागायचं कारण मला दिसत नाही. तरीही हा अंदाजच आहे. वंश कोणता हे नक्की करायला एक साधा मायक्रोस्कोप आणि निवांत अर्धा तास पुरतो. प्रजातीचं नाव ही त्यापुढची आणि बरीच अवघड पायरी.

मुळात हा गोंधळ दुकानदारानं घातलेला नाही. जावा मॉसच्या नावाचा घोळ सगळ्या जगात कित्येक दशकं चालला. मत्स्यालयाच्या जुन्या पुस्तकांत जावा मॉसपुढे ‘व्हेसिक्युलारिया दुब्याना’ असं नाव छापलेलं सापडतं. पुढे मॉसच्या अभ्यासकांनी नमुने तपासले तेव्हा कळलं की घरोघरी जावा म्हणून वाढणारी वनस्पती व्हेसिक्युलारिया नाहीच, ती टॅक्सिफायलम बार्बिएरी. या प्रजातीचं मूळ वर्णन व्हिएतनाममधल्या नमुन्यांवरून झालेलं आहे. आणि खरी व्हेसिक्युलारिया दुब्याना बाजारात ‘सिंगापूर मॉस’ या नावानं विकली जात होती. 2000 नंतरच्या दशकात सिंगापूरमधले मॉसतज्ज्ञ बेनिटो टॅन यांनी हौशी मंडळींनी आणून दिलेली मॉस तपासून यातली बरीच गुंतागुंत सोडवली. ख्रिसमस मॉस म्हणजे व्हेसिक्युलारिया माँटाग्नेई, वीपिंग मॉस म्हणजे व्हेसिक्युलारिया फेर्रिएई, इरेक्ट मॉस म्हणजे व्हेसिक्युलारिया रेटिक्युलाटा, तैवान मॉस म्हणजे टॅक्सिफायलम आल्टर्नान्स, अशी नावं त्यातून रुळली. फ्लेम, पीकॉक आणि स्पायकी या तिघांपुढे मात्र आजही ‘टॅक्सिफायलम, प्रजाती अनिश्चित’ एवढंच लिहिलेलं दिसेल. बाजारातल्या पाटीवर त्यांचं पूर्ण लॅटिन नाव दिसलं तर ते विकणाऱ्यानं स्वतःच ठरवलंय असं खुशाल समजा.

आधी एक प्राथमिक तपासणी करू. तुमच्या फोटोत पानं दिसतात, त्यामुळे तुम्हाला तिची फारशी गरज नाही. पण भाच्याला मॉस देताना सोबत दुसरं काही जाऊ नये म्हणून सांगतो. मॉसच्या नावाखाली आपल्याकडे काय काय विकतात याला धरबंध नाही. ‘मॉस बॉल’ म्हणून येतो तो मारिमो, एगाग्रोपिला लिनाई नावाचं शैवाल. त्यात पान शोधत बसू नका, नुसते फांद्या फुटलेले तंतू असतात. ‘सुसवासरटांग’ म्हणून येतं ते नेच्याच्या एका जातीचं सुरुवातीचं रूप, लोमारिऑप्सिस. त्याच्या हिरव्या पातळ पट्ट्या असतात, खोड-पान असा भेद नसतो. ‘पेलिया’ आणि ‘मिनी पेलिया’ हे लिव्हरवर्ट, म्हणजे मॉसच्या नात्यातल्या पण वेगळ्या वनस्पती. पहिली मोनोसोलेनियम टेनेरम, जाड रुंद पट्ट्यांची; दुसरी रिकार्डिया कॅमेड्रिफोलिया, अगदी अरुंद आणि खडकाला घट्ट चिकटणारी. रिक्सिया दर वेळी दोन-दोन फाटे फुटत जाते आणि मोकळी सोडली की तरंगते. ‘गप्पी ग्रास’ तर फुलझाड आहे, नाजास. तिच्यात पेरं स्पष्ट दिसतात.

खरा त्रास दोघांचा. एक क्लॅडोफोरा. हे तंतुमय शैवाल मॉसच्या आत शिरून बसतं आणि रंगही जवळपास तोच. बोटांत धरून चोळलं तर खरखरीत लागतं, चिमटीनं ओढलं की झुबका येतो, आणि भिंगाखाली पान एकही दिसत नाही. दुसरी युट्रिक्युलारिया गिब्बा. बारीक धागा, त्यावर टाचणीच्या टोकाएवढ्या फुगीर पिशव्या. ही कीटकभक्षी वनस्पती एकदा मॉसमध्ये गुंतली की निवडून काढता काढता नाकी नऊ येतात. पुडकं आणलं की पांढऱ्या थाळीत पाणी घेऊन त्यात ते पसरून बघायची सवय लावा. काळपट झुबके दिसले तर थोडे स्पिरिटमध्ये टाका. लालसर झाले तर ते ब्लॅक बिअर्ड, म्हणजे लाल शैवालांच्या गटातलं.

आता भिंग. दहापट मोठं दाखवणारं हवं. घड्याळजीचं चालतं, पण सोलापुरात त्याहून सोपी सोय आहे. कापडाचे धागे मोजायला कारखान्यात जे घडीचं पिक ग्लास वापरतात ते ओळखीतल्या कुणाकडे तरी असतंच. ते उभं राहतं, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. मॉसची एक काडी पाण्याच्या थेंबात काचेवर ठेवा, खाली पांढरा कागद, बाजूनं टॉर्च.

भिंगातून तीन गोष्टी पाहायच्या. पानं खोडावर कशी बसलीत, पानाला मधली शीर आहे का, आणि फांद्या कशा फुटतात.

पानं अगदी दोन रांगांत, एकाच पातळीत आणि प्रत्येक पानाचा बुडखा दुमडून वरच्या पानाच्या बुडाला कवेत घेतोय असं दिसलं, मधली शीरही ठसठशीत असली, तर तो फिसिडेन्स. याच्यात चूक होणं कठीण. बाजारातला ‘फिनिक्स मॉस’ म्हणजे फिसिडेन्स फाँटानस. पानं तीन रांगांत, बुडाशी होडीगत दुमडलेली, शीर नाही आणि काडी हातभर लांब होत चाललीय, असं असेल तर फाँटिनालिस, म्हणजे विलो मॉस. ही थंड देशांतल्या ओढ्यांतली वनस्पती. सोलापुरात ती उन्हाळा काढेल अशी आशा धरू नका. पान सुटं सुटं, लांबट आणि एकच शीर पानाच्या निम्म्याच्या पुढे गेलेली दिसली तर लेप्टोडिक्टियम रिपारियम, म्हणजे ‘स्ट्रिंगी मॉस’. तुमच्या वरच्या काड्यांसाठी हा तिसरा उमेदवार आहे, म्हणून शीर आवर्जून शोधा. जावा आणि ख्रिसमस या दोन्हींच्या वंशांत शीर नसते, किंवा बुडाशी दोन आखूड रेघा असतात. त्या दहापटीच्या भिंगातून दिसतही नाहीत.

फांद्यांवर माझा विश्वास कमी आहे. पुस्तकी वर्णन असं: ख्रिसमसच्या फांद्या दोन्ही बाजूंना नियमित फुटतात, बुडाकडच्या लांब, टोकाकडच्या आखूड, म्हणून एकंदर आकार त्रिकोणी. वीपिंग खाली लोंबते. इरेक्ट वर उभी राहते. फ्लेम उभी वाढते आणि पीळ घेते. जावा कशीही फुटते. हे सगळं चांगल्या उजेडात, 22 ते 25 अंशांच्या पाण्यात, नियमित कात्री लावलेल्या मॉसचं वर्णन आहे. ख्रिसमसला अंधाऱ्या कोपऱ्यात आणि 30 अंशांच्या पाण्यात ठेवा, तिचा त्रिकोण मोडतो आणि ती हुबेहूब जावा दिसते. उलट जावाला भरपूर उजेड आणि कार्बन डायऑक्साइड दिला की ती इतकी नीट वाढते की कुणीही फसावं. फोटोवरून नाव सांगणारे बहुतेक जण आकारावरून सांगतात. तुमच्या मित्राचं उत्तर बरोबर निघेलही, पण ज्या कारणानं तो सांगतोय ते कारण कच्चं आहे.

आपल्या पाण्याची गंमतही यात धरायला हवी. उजनीचं पाणी एक वेळ बरं, पण आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. मॉसला प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यात विरघळलेला मोकळा कार्बन डायऑक्साइडच लागतो. हायड्रिलासारखी वनस्पती बायकार्बोनेटवरही भागवून नेते, मॉसला ते जमत नाही. जड, अल्कधर्मी पाण्यात मोकळा कार्बन डायऑक्साइड फार थोडा उरतो, आणि पाणी तापलं की आणखी कमी. त्यामुळे इथल्या साध्या टाकीत कुठलंही मॉस मूळ रूपापेक्षा रोड आणि विरळ वाढतं. परदेशी टाक्यांच्या फोटोशी आपलं मॉस जुळवायला बसलात तर प्रत्येक मॉस ‘जावा’च वाटणार.

चिकटण्यावरून मात्र एक बरा सुगावा लागतो. व्हेसिक्युलारियाच्या जाती मूलाभ, म्हणजे शाळेच्या पुस्तकातले ते मुळांसारखे तंतू, भरपूर सोडतात आणि काही महिन्यांत लाकूड धरतात. जावा त्या मानानं सैल. दोरा कुजला की उचलून येते. तुमच्या लाकडावरचा दोरा अजून शाबूत आहे का ते बघा. साधा सुती दोरा असेल तर एव्हाना विरला असेल. खालच्या अंगाची एक फांदी हलकेच ओढा. ती तुटली पण सुटली नाही, तर माझ्या अंदाजाला बळ मिळतं. वरच्या काड्या अलगद हातात आल्या तरीही मिळतं.

आता मुख्य काम, पानाच्या पेशी. जावा आणि ख्रिसमस यांतला फरक इथे वादाला जागा ठेवत नाही.

मायक्रोस्कोप शंभरपट आणि चारशेपट दाखवणारा हवा. शाळा-कॉलेजात असतो तो साधा चालेल. भाचा अकरावी-बारावी विज्ञानाला असेल तर त्यालाच प्रयोगशाळेत विचारायला लावा. कागदाचा फोल्डस्कोप मिळाला तरी भागतं. तो सुमारे 140 पट दाखवतो आणि आपल्याला हवा तो फरक तेवढ्यात कळतो.

नमुना घेताना वरची एक काडी आणि खालची एक काडी वेगवेगळ्या वाटीत ठेवा आणि वाट्यांवर लिहा. आधी स्वच्छ पाण्यात ब्रशनं घाण काढा. पानांवर पांढरट थर असेल तर तो चुन्याचा. बोअरच्या पाण्यात हमखास बसतो आणि त्याखाली पेशी दिसत नाहीत. साध्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून काडी त्यात चार-पाच मिनिटं बुडवा, बुडबुडे थांबले की धुवा. हे फक्त नमुन्याला करायचं. टाकीत व्हिनेगर ओतायला जाऊ नका.

मग काडीच्या मधल्या भागातली पानं घ्या. टोकाची पानं कोवळी असतात, त्यांच्या पेशी पूर्ण वाढलेल्या नसतात. बुडाची पानं जुनी, शैवाल चढलेली. मुख्य खोडावरची पानं आणि फांदीवरची पानं यांतही आकाराचा फरक असतो, म्हणून दोन्ही घ्या आणि स्लाइडवर वेगळी ठेवा. काडी बोटानं किंवा चिमट्यानं धरून सुईनं टोकाकडून बुडाकडे खरवडली की पानं बुडासकट सुटतात. नुसती ओढली तर बूड खोडालाच राहतं, आणि शिरेच्या रेघा असल्या तर त्या बुडाशीच असतात. पाण्याचा थेंब, वर कव्हरस्लिप, बाजूचं पाणी टिपकागदानं टिपायचं. मॉसचं पान बहुतेक भागात एकाच पेशीच्या जाडीचं असतं, त्यामुळे काप घ्यायची, रंग द्यायची गरज नाही.

आधी शंभरपटीवर पूर्ण पान पाहा, मग पानाचा मध्य धरून चारशेपटीवर जा. कडा आणि बुडाचे कोपरे यांवरून निर्णय घेऊ नका, तिथल्या पेशी वेगळ्याच असतात. टॅक्सिफायलम असेल तर मध्यावरच्या पेशी मागावर ताणलेल्या ताण्याच्या धाग्यांसारख्या दिसतील, अरुंद, लांब, एकमेकींना खेटून पानाच्या लांबीच्या दिशेनं. लांबी रुंदीच्या दहापट किंवा त्याहून जास्त. व्हेसिक्युलारिया असेल तर पेशी रुंद, पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराच्या किंवा लांबट सहाकोनी, भिंती स्पष्ट, आत हरितलवकांचे ठिपके सुटे मोजता येतील अशा. लांबी सहसा रुंदीच्या दोन ते पाचपट. एकदा दोन्ही शेजारी शेजारी पाहिलंत की पुन्हा विचारावं लागणार नाही. मोबाइलचा कॅमेरा आयपीसला टेकवून फोटो काढून ठेवा.

तुमच्या दोन वाट्यांतल्या पानांच्या पेशी वेगवेगळ्या निघाल्या तर मिश्रण सिद्ध झालं. दोन्हींच्या सारख्या निघाल्या तर माझा अंदाज चुकला, मॉस एकच आहे आणि फरक टाकीतल्या जागेचा.

व्हेसिक्युलारिया ठरल्यावर पानाच्या बाह्याकाराकडे वळा. माँटाग्नेईचं पान रुंद, अंडाकृती, आणि टोक एकाएकी निमुळतं होतं. दुब्यानाचं पान अरुंद, टोकाकडे हळूहळू निमुळतं होत गेलेलं. पाच-दहा पानं सारखीच दिसली तर ‘माँटाग्नेईच्या जवळची’ म्हणायला हरकत नाही. टॅक्सिफायलम निघालं तर पानाच्या कडेला बारीक दाते आहेत का बघा आणि तिथेच थांबा. जावा, फ्लेम, पीकॉक, स्पायकी यांना नुसत्या पानावरून वेगळं करण्याचा हट्ट मी धरत नाही. कुणी ठामपणे करत असेल तर त्याला पेशींचे फोटो मागा.

याच्याही पुढे जायचं असेल तर मॉस पाण्याबाहेर काढा. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि हौशी लोक तोच सोडतात. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत मॉस ओळखायच्या ज्या कसोट्या दिल्यात, त्या जमिनीवर, खडकावर, झाडाच्या सालीवर वाढलेल्या नमुन्यांवरून लिहिल्या आहेत. व्हेसिक्युलारिया काय किंवा टॅक्सिफायलम काय, यांतली बहुतेक मंडळी निसर्गात ओल्या जागी उघड्यावरच वाढतात. टाकीत आपण त्यांना बुडवून ठेवलेलं असतं. बुडालेल्या मॉसची पानं लांबट होतात, फांद्यांमधली अंतरं बदलतात, आणि बीजाणूंची बोंडं तर पाण्यात जवळपास येतच नाहीत. प्रजाती पक्की करताना अभ्यासक बोंडाचा देठ, झाकण, तोंडाभोवतीचे दात हे सगळं मागतात. बुडालेल्या मॉसकडे दाखवायला ते नसतंच.

झाकणाचा पारदर्शक डबा घ्या, मिठाईचा चालेल. तळाशी विटेचा सपाट तुकडा ठेवून विटेच्या निम्म्यापर्यंत पाणी भरा. वीट पाणी वर ओढून घेते. विटेवर दोन्ही मॉसचे तुकडे अंतर सोडून पसरा. पाणी पावसाचं किंवा आरओचं, बोअरचं अजिबात नको, नाहीतर विटेवर आणि मॉसवर पांढरी साय धरते. झाकण लावा, अधूनमधून थोडा वेळ उघडा. उत्तरेकडच्या खिडकीत किंवा एलईडीखाली ठेवा, थेट ऊन चुकूनही नको. आपल्या कोरड्या हवेत झाकण एक दुपार उघडं राहिलं तरी मॉस कुरकुरीत होतं. सुरू करायला उत्तम वेळ पावसाळा संपता संपता, म्हणजे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत थंडीचे महिने हाती लागतात. उन्हाळ्यात करायचंच असेल तर घरातल्या सगळ्यात थंड खोलीत.

जुनं मॉस आधी थोडं तपकिरी पडेल. ते फेकू नका, नवे कोंब त्यातूनच येतात. दीड-दोन महिन्यांत नवी वाढ दिसायला लागली की तिचीच पानं पुन्हा मायक्रोस्कोपखाली घ्या. त्या पानांचे आकार पुस्तकांतल्या चित्रांशी जास्त जुळतात. ख्रिसमस कधीकधी अशा डब्यात बोंडं धरते. जावाकडून मी तशी अपेक्षा ठेवत नाही.

इथे एक आडवळण घेतो, कारण हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. भुईकोट किल्ल्याच्या भिंतीवर किंवा घराच्या गच्चीवर पावसात जी हिरवी मखमल उगवते ती खरंच मॉस असते, पण ती खरवडून टाकीत टाकू नका. ती भिंतीवरची, वर्षातले कित्येक महिने वाळून पडून राहणारी जात. बुडवली की काही आठवड्यांत कुजते आणि पाणी नासवते. शिवाय ऐतिहासिक वास्तूच्या दगडावरून काही खरवडणं बरं नव्हे. संभाजी तलाव किंवा हिप्परग्याच्या तलावातून ‘मॉस’ आणणारेही भेटतात. सोबत गोगलगायींची अंडी, जळवा आणि चतुराच्या अळ्या येतात. चतुराची अळी गप्पीची पिल्लं खाते.

पक्कं नाव हवंच असेल तर नमुना अभ्यासकाकडे जायला हवा. मॉसचा नमुना तयार करण्याइतकं सोपं काम नाही. दाबायची, रसायन लावायची गरज नाही. डब्यातली, जमिनीवर वाढलेली मॉस आणि टाकीतली, दोन्ही सावलीत वाळवा आणि कागदाच्या वेगवेगळ्या घडीच्या पाकिटांत ठेवा. प्लास्टिक नको, बुरशी येते. पाकिटावर तारीख, कुठून विकत घेतलं, कोणत्या नावानं, पाण्यात की पाण्याबाहेर वाढवलं, तापमान किती होतं हे लिहा. वाळलेलं मॉस वर्षानुवर्षं टिकतं आणि पाण्याचा थेंब टाकला की पानं पुन्हा उघडतात, त्यामुळे घाई नसते. आधी शहरातल्याच एखाद्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आणि नमुनासंग्रह आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत मॉस आणि लिव्हरवर्टवर बरंच काम झालेलं आहे. पाठवण्याआधी पत्र लिहून विचारा, आणि सोबत पेशींचे फोटो जोडा. पेशींचे फोटो पाहिले की समोरच्यालाही कळतं की विचारणाऱ्यानं आपल्या वाट्याचं काम केलं आहे.

तोवर तुमच्या दोन कामांचं काय? मोठ्या लाकडावर खालच्या भागातलं त्रिकोणी मॉस चढवा, कारण ते धरून बसतं. पण मिश्रणातून उचलून थेट बांधू नका. त्यातल्या चांगल्या, एकाच खोडाच्या दोन-तीन फांद्या वेगळ्या काढा, प्रत्येक फांदी छोट्या खड्याला बांधा आणि वेगळ्या बरणीत वाढवा. एका फांदीपासून वाढवलेलं सगळं मॉस एकच असतं, हा त्याचा फायदा. जावाचा एखादा तुकडा चुकून आला तर तो वेगानं वाढून ख्रिसमसला झाकून टाकतो. बांधायला दोरा आपल्या गावात विकत घ्यायची गरज पडू नये. सुती घ्या, पॉलिस्टर नको. सुती दोरा विरेपर्यंत मॉस लाकूड धरतं, पॉलिस्टरचा मात्र कायमचा दिसत राहतो.

हे सगळं मार्चच्या आत करा. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा 40 च्या वर गेला की टाकीचं पाणी सहज 31-32 वर जातं, आणि त्या पाण्यात नव्यानं लावलेलं ख्रिसमस तपकिरी पडतं. दुपारी टाकीवर छोटा पंखा सोडला तर आपल्या कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंश उतरतं. उडालेल्या पाण्याची भर मात्र आरओच्या पाण्यानं करा, नाहीतर जडपणा साठत जातो. जावा हा उन्हाळा कुरकुरत का होईना, काढते.

भाच्यासाठी वरच्या काड्या द्या. नवख्या हाताला त्याच बऱ्या. बरणीवर चिठ्ठी लावताना ‘टॅक्सिफायलम, बहुधा बार्बिएरी, जावा नावानं विकत घेतलेलं’ असं पूर्ण लिहा, तेही पेशी लांब निघाल्या तरच. मायक्रोस्कोपची सोय होईपर्यंत नुसतं ‘मॉस, वरचं’ आणि ‘मॉस, खालचं’ लिहिलंत तरी चालेल. पेशींचे फोटो झाले की मला दाखवा. दोन्ही वाट्यांचे, पानाचा मध्य चारशेपटीवर, आणि सोबत शंभरपटीवरचं एकेक पूर्ण पान.